चित्र व शब्द

पेनड्राइव्हमधली फाईल उघडली आणि स्क्रीनवर माझीच धुरपामामी उभी राहिली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, पदर कमरेला खोचलेला, आणि शेजारी लिंबाच्या फांदीला बांधलेला रिकामा झोका. मी काढलेली. रविवारची अख्खी दुपार घालवून, माझ्या या हातानं काढलेली. तिच्या डोक्यावर मी लिहिलेले शब्द कुणीतरी पुसून टाकले होते आणि तिथं पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं, 'झोका रिकामा राहणार नाही! प्रत्येक लेकीचा पाठीराखा, हणमंतभाऊ!' मामीच्या खांद्याला खांदा लावून पांढऱ्या शर्टातले हणमंतभाऊ हात जोडून हसत होते.

"भाऊबीजेचा आहे," दीपक म्हणाला. हा भाऊंचा उजवा हात, पेनड्राइव्ह त्यानंच आणला होता. "वीस बाय दहा काढ. एसटी स्टँडच्या समोर लावायचाय."

"हे चित्र कुठनं आणलंस?"

"व्हॉट्सॲपवर आलं होतं."

रस्त्यात पडलेलं सापडलं, अशा थाटात बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी माऊस बाजूला सारला आणि म्हणालो की हे चित्र माझं आहे, मी हा फ्लेक्स काढणार नाही. दीपकला आधी ते कळेचना. मग तो हसला आणि म्हणाला, तुझं आहे तर उलट चांगलंच, मोठं करताना फाटणार नाही, धूसर दिसणार नाही, ओरिजनल फाईल दे.

नऊ वर्षं झाली याला. तरी ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात मन्मथअप्पांच्या 'शिवलीला फ्लेक्स'मध्ये डिझायनर होतो. डिझायनर म्हणजे काय, तर दिवसभर पुढाऱ्यांची मुंडकी फोटोतून कापायची आणि एकमेकांशेजारी चिकटवायची. कुणाचं डोकं कुणाच्या वर, कुणाच्या गळ्यात हार, कुणाच्या मागे सूर्य. सकाळी भावी नगरसेवकाचा वाढदिवस, दुपारी कुणाच्या तरी वडिलांची भावपूर्ण श्रद्धांजली. घरी आलो की हात धुऊन टाकावेसे वाटायचे. त्या सगळ्यात एकच गोष्ट माझी स्वतःची होती. दर बुधवारी मी इंटरनेटवर 'धुरपामामी' नावाच्या माझ्या पानावर तीन चौकटींची एक चित्रकथा टाकायचो. निव्वळ हौस. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षांत अकरा हजार लोक ते पान बघायला लागले होते. नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई प्रत्येक बुधवारी दोन ओळी लिहायच्या. कुवेतमधला एक वेल्डर लिहायचा की मामीला वाचल्याशिवाय आम्ही जेवायला बसत नाही. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं चिकटवणाऱ्या माणसाला हे केवढं वाटत असेल, सांगा.

एक मूर्खपणा मात्र मी केला होता. चौकटीच्या आत नाव घातलं की चित्र बिघडतं, असं माझं मत. म्हणून नाव चौकटीच्या खाली, पांढऱ्या पट्टीत, बारीक अक्षरांत. लोकांनी खालची पट्टी कापली आणि चित्र पुढं पाठवलं. रोज कापाकापी करून पोट भरणारा माणूस मी, आणि माझी पट्टी कुणी कापेल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. मग गावोगावच्या ग्रुपवरून माझीच मामी माझ्याकडं परत यायची, खाली 'एका मातेची व्यथा, संकलन : अमुक सर' असं लिहिलेली. संकलन म्हणे. माझ्या घरातलं भांडं उचलून नेलं आणि वर 'संकलन' म्हणून मिरवतात. या सरांना मी फोन करकरून भांडलो आहे.

मामी जे बोलायची ते दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधून यायचं. तिथं प्रयागमावशी बसायची. छापलेल्या फ्लेक्सच्या कडा दुमडून चिकटवायच्या आणि दोरी ओवायला पितळी रिंगा हातोडीनं मारायच्या, हे तिचं काम. वय पन्नाशीचं, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलती लेक सुमित्रा कवठ्याला दिलेली. हातोडी चालू असली की मावशीचं तोंडही चालू. एवढा मोठा फ्लेक्स धरायला दुसरं माणूस लागायचं, ते बहुतेक मीच. ती बोलायची, मी ऐकायचो, आणि बुधवारी ते मामीच्या तोंडी उतरायचं. मी नावं बदलायचो, गाव बदलायचो. ऐकणारा कान माझा, काढणारा हात माझा, मग चीज कुणाची? माझीच, असं माझं साधं सरळ म्हणणं होतं. मावशीकडं बटणांचा फोन होता. एकदा तिला दाखवायला पाहिजे, दाखवायला पाहिजे, म्हणत तीन वर्षं निघून गेली.

सुमित्राच्या सासूची एक खोड होती. पिठाचा डबा भरला की ती वरचं पीठ तळहातानं सपाट करायची, त्यावर बोटानं फुली काढायची आणि मग झाकण लावायची. मध्येच कुणी पीठ काढलं की फुली मोडायची आणि घरात चौकशी सुरू. मावशीनं हे सांगितलं तेव्हा रागाच्या भरात एक रिंग वाकडी मारली होती. "आता सुनंच्या डोक्यावर बी फुली काढ म्हणावं, आन लाव झाकण," असं ती म्हणाली. मी ते जसंच्या तसं काढलं. चार हजार लोकांनी ते पुढं पाठवलं. तोवरचं माझं सगळ्यात गाजलेलं चित्र ते.

मग पंचमी आली. आमच्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला घरचा माणूस मुराळी म्हणून जातो. सुमित्राला भाऊ नाही, म्हणून मावशीचा भाऊ गेला. तो रिकाम्या हातानं परत आला. सासरच्यांनी धाडलं नाही. का धाडलं नाही ते मावशीनं सांगितलं नाही, दोन दिवस तिची हातोडी नुसतीच वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी कड दुमडता दुमडता म्हणाली, "झोका बांधून ठेवलाय. आता त्याच्यावर वारा बसंल."

मला त्या सासरच्यांची इतकी चीड आली की सांगता सोय नाही. कोण कुठली माणसं, आणि एका आईचा सण असा नासवतात. त्याच रविवारी मी बसलो आणि ते काढलं. झोका, मामी आणि ते एक वाक्य, बाकी काही नाही. फुलीचं चित्र याच्यापुढं काहीच नव्हे इतकं ते फिरलं. पानाखाली बायका रडल्यासारखं लिहीत होत्या. मला वाटलं, चला, आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

आणि आता तीच मामी हणमंतभाऊंच्या खांद्याला खांदा लावून मतं मागत होती.

मन्मथअप्पा वाईट माणूस नव्हता. त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं की निवडणूक तोंडावर आहे, भाऊंचं सगळं काम आपल्याकडं येतंय, चित्राचं काय एवढं, दुसरं काढशील. मी म्हणालो, अप्पा, तुमच्या दुकानाची पाटी काढून कुणी आपल्या दारावर लावली तर चालेल का? अप्पा म्हणाला, मग भाऊंकडंच जा आणि त्यांना विचार, माझं दुकान मध्ये घालू नको.

गेलो. रात्रभर मनात भाषण घोकलं होतं. चित्र काढून टाका, नाहीतर मी सगळ्या जगाला सांगेन, असं काहीतरी. सकाळी भाऊंच्या ऑफिसात पंधरा-वीस माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली होती. मी सगळ्यांसमोर बोललो, आवाज चढवूनच बोललो. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा मोबाईल मागितला, पान उघडायला लावलं आणि एकेक चित्र बघायला लागले. दोन ठिकाणी मोठ्यानं हसले. शेजारच्याला दाखवलं.

"हे सगळं तू काढतोस?"

"हो."

"आणि हे बोलणं? हे कोण लिहितं?"

"मीच."

"आरं मग नाव टाक की तुझं. आपल्या गावचा एवढा कलाकार, त्याचं नाव नको व्हय? कुणी अडवलंय?"

झालं. इथं मी विरघळलो. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच सांगतो. दीपक मध्येच कुरकुरला की कलाकाराचं नाव एवढं मोठं केलं तर वॉर्ड अध्यक्षाचं बारीक दिसेल. त्यावर मी त्याच्याशी तावातावानं भांडलो, अक्षराची उंची बोटानं दाखवून भांडलो. माझं मूळ वाक्य मामीच्या डोक्यावर परत आलं पाहिजे, हेही मी मागितलं. भाऊ सगळ्याला हो म्हणाले. चित्र काढून टाका म्हणून भांडायला गेलेला मी, नावाचा आकार ठरवून परत आलो. दुकानात आल्याबरोबर स्वतःच्या हातानं टाईप केलं, 'चित्र व शब्द : विश्वंभर डोंगरे'. भाऊंनी नुसतं नाव म्हटलं होतं. 'व शब्द' हे मी घातलं. का नाही घालायचं? एवढी वर्षं लोकांनी माझी पट्टी कापली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लेक्स मशीनमधून उतरला. मी स्वतः गुंडाळी खांद्यावर टाकून शेडमध्ये नेली आणि फरशीवर पसरली. मला तो मावशीला दाखवायचाच होता. ती एका टोकापासून कड दुमडत आली, मामीपाशी पोचली आणि थांबली. चौथीपर्यंत शिकलेली, ती अक्षराला अक्षर लावून वाचायची. वाचताना तिचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर तिनं आपल्या हनुवटीला हात लावला, तिथल्या गोंदणाला.

"ही मी हाय व्हय रं?"

मी हसलो. म्हणालो, मावशी, तुझ्यावरूनच काढली आहे. मोठ्या उत्साहात मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि मोबाईलवर तिला एकेक चित्र दाखवायला लागलो, नव्याकडून जुन्याकडं. तिला मजा वाटली. एक-दोन ठिकाणी तोंडावर पदर धरून हसली, हे मी बोलले होते काय, असं विचारलं. मग ते पिठाच्या डब्याचं चित्र आलं.

तिचं हसणं थांबलं. तिनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हे कवा काढलंस?"

"आखाडात."

"पंचमीच्या आदी?"

"हो. पंधरा-वीस दिवस आधी."

"आन हे कुणी कुणी बघितलं?"

मला अजून काही कळलं नव्हतं. मी अभिमानानं म्हणालो, "चार हजार लोकांनी पुढं पाठवलंय, मावशी. बघितलं असेल लाखभर लोकांनी."

मावशीनं हातोडी खाली ठेवली. मग जे बोलली ते माझ्याकडं न बघता बोलली. पंचमीला तिचा भाऊ मुराळी गेला तेव्हा जावयानं त्याला दारातच सांगितलं होतं की तुमच्या लेकीनं आमच्या घरची फुली मोबाईलवर गावभर केली, आता तिला माहेर नाही. मावशीला यातलं एवढंच कळलं की सुमित्रानं घरातली गोष्ट कुणाला तरी सांगितली. तिनं लेकीला फोन लावला. घरातलं दारात मांडलंस, माझं नाक कापलंस, असं नाही नाही ते बोलली. सुमित्रा रडत होती, मी कुणाला काही सांगितलं नाही म्हणत होती, लेकराची शपथ घेत होती.

"म्या ऐकलं न्हाई," मावशी म्हणाली. "फोन ठिवून दिला. तवापासून ती माज्याशी बोलली न्हाई. तीन म्हैने झाले."

तरी मी बोललोच, कारण गप्प बसणं मला माहीतच नव्हतं. मी म्हणालो की मी नावं बदलली होती, गाव बदललं होतं, कुणाला ओळखू येईल असं काहीच ठेवलं नव्हतं.

"नाव बदललंस," ती म्हणाली. "फुली बदललीस का?"

तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"म्या तुला सांगितलं होतं. तुला. जगाला न्हाई."

आणि मग तिनं हातोडी उचलली आणि उरलेल्या सगळ्या रिंगा मारल्या. काम अर्धं टाकणारी बाई नव्हती ती. मी समोरून कड धरून बसलो होतो. एकही रिंग वाकडी गेली नाही. शेवटची मारून झाल्यावर तिनं हात झटकले आणि म्हणाली की उद्या सकाळच्या गाडीनं माझ्यासंगं कवठ्याला यायचं. विचारत नव्हती, सांगत होती.

सकाळी आम्ही एसटी स्टँडवर पोचलो तेव्हा समोर फ्लेक्स लागलेला होता. कवठ्याची गाडी अर्धा तास उशिरा होती. मावशी एका बाकावर फराळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिनं एकदाही वर बघितलं नाही. मी मात्र बघत होतो, कारण दुसरीकडं बघायला जागाच नव्हती, एवढं मोठं माझं नाव. शेजारी दोघं उभे होते. त्यातला एक मोठ्यानं वाचत होता, विश्वंभर डोंगरेपर्यंत आला आणि म्हणाला, हे कोण? दुसरा म्हणाला, असेल कुणीतरी भाऊंचा माणूस. ज्यासाठी भांडलो, ओरडलो, अक्षराची उंची मोजली, त्याचं हे फळ. दुसऱ्या वेळी मी त्या माणसाची गचांडी धरली असती.

कवठ्याच्या थांब्यावर उतरलो. मावशी तिथल्याच दगडी कट्ट्यावर बसली. बोलावल्याशिवाय विहिणीच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, म्हणाली. तू जा, तू केलंस ते तू सांग, आणि माझ्या लेकीचा यात दोष नाही म्हणून सांग.

घर पत्र्याचं, पुढं अंगण, अंगणात सोयाबीन वाळत टाकलेलं. सासू पायानं ते पसरत होती. मी तिला मनात तीन वर्षं रंगवली होती, नाक चढवलेली, डोळे बारीक केलेली. चित्रातही तशीच काढली होती. समोर एक वाळकी, पाठीत वाकलेली म्हातारी होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुमित्रानं कुणाला सांगितलं नाही, तिच्या आईनं जगाला सांगितलं नाही, ते मी केलं. मी काढलं, मी पाठवलं. म्हातारीनं ऐकून घेतलं, मग तिचा आवाज चढला.

"तुज्या आईच्या डब्यात कदी डोकावले का रं मी? मग तू माज्या डब्यात का आलास?"

ती सोयाबीन तुडवतच माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"फुली कशाला काढत होते, विचारलंस का कुणाला? थोरला माजा पीठ विकून प्यायचा. घरात सून आणलेली. पोराचं नाव घिऊन सुनंसमोर त्याची अब्रू घालवू का? म्हणून फुली काढायचे. मोडली की कुणाचं नाव न घेता सगळ्यांवर वरडायचे. त्याला कळायचं, दोन दिस तो गप बसायचा. तेवढंच माज्या हातात होतं." ती धापा टाकत होती. "आता गाव मला फुलीवाली म्हणतं. पोरं वरडत्यात मागून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चार हजार लोक जिच्यावर हसले होते ती ही बाई, आणि मी तिला तीन चौकटींत खडूस सासू करून टाकलं होतं.

दारात सुमित्रा येऊन उभी राहिली होती, काखेत मूल. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हातारीनं तिच्याकडं वळून बघितलं आणि एकदम थंड झाली. म्हणाली, लेकीनं आईला सांगावंच, आईला नाही तर कुणाला सांगणार, त्यात तुझं काही चुकलं नाही बाई. पण मग तिनं मला विचारलं की आईनं तुला कशाला सांगितलं, तू तिचा कोण? मी म्हणालो की पोटच्या पोरासारखा समजून सांगत होती. म्हातारी पुन्हा सोयाबीनकडं वळली. दिवाळीला आईकडं जायचं तर जा म्हणाली सुनेला, माझी आडकाठी नाही.

मला वाटलं, सुटलो. आता ही आत जाईल, पिशवी भरेल आणि मी हिला आईपाशी नेऊन पोचवीन. तेवढं झालं की निदान तोंड दाखवता येईल.

"मी येणार नाही," सुमित्रा म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिनंच पुढं सांगितलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही परके. तुमच्यावर रागवून काय करू? पण माझ्या लेकराची शपथ घेतली तरी माझ्या आईनं फोन ठेवला. तिला सांगा, आता निरोप्या पाठवू नको म्हणावं." आणि ती आत गेली.

थांब्यावर परत आलो. मावशीला सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. पिठाच्या डब्याचं खरं कारणही सांगितलं. ती ऐकत राहिली, मग उठली. हापशावर तोंड धुतलं, पदर डोक्यावर घेतला आणि ज्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणाली होती त्याच्या दिशेनं चालायला लागली. मी फराळाची पिशवी उचलली आणि तिच्या मागे निघालो. चार पावलं गेल्यावर ती वळली आणि तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"तू हितंच बस," ती म्हणाली. "आत जे होईल ते तू बघायचं न्हाईस."

मी कट्ट्यावर बसलो. दीड-दोन तास बसलो असेन. बसल्या बसल्या मोबाईल काढला आणि पान बंद केलं. तीन वर्षांची दीडेकशे चित्रं, एकेक करून पुसली. त्यानं काही झालं नाही. गेल्या पंचमीलासुद्धा झोक्याचं ते चित्र मला कुणीतरी पाठवलं, खाली नव्याच एका सरांचं नाव घालून. मी त्या सरांशी भांडलो नाही. कुणाच्या तोंडानं भांडू?

दुपारच्या गाडीच्या वेळेला त्या आल्या, मावशी, सुमित्रा आणि कडेवर पोर. दोघींचे डोळे सुजलेले होते. गाडीत त्या माझ्या पुढच्या बाकावर बसल्या, सुमित्रा खिडकीशी. पोर मध्येच मागं वळून माझ्याकडं बघायचं. माझ्याशी बोलायला त्यांना काही कारणच नव्हतं.

पुढं चार वर्षं मी आणि मावशी त्याच शेडमध्ये समोरासमोर बसून कडा धरत होतो. ती कामापुरतं बोलायची, 'ताण जरा', 'सोड आता', एवढंच. सुमित्रा दर पंचमीला यायला लागली, हे मला अप्पाकडून कळायचं. त्या दिवशी कवठ्याच्या घरात मावशी लेकीपुढं काय बोलली, कशी बोलली, आधी कोण रडलं, हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं मला सांगितलं नसतं.